कोपराला लागलेली हळद

चन्नबसम्माचं आणि नागनाथचं लग्न झालं. जेवायला बुंदी होती, पत्रावळ्या कमी पडल्या, आणि वरातीची जीप वाटेत कुठंही थांबली नाही.

हे इथं यायला नको होतं. ते आलंच नाही असं समजून पुढं वाचावं. कुणाचं लग्न झालेलं नाही, बुंदी झालेली नाही, आणि ज्या दिवशी ही गोष्ट सुरू होते त्या दिवशी चन्नबसम्मा नागनाथला ओळखतही नव्हती. तिनं त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो अर्धाच होता. खालचा अर्धा.

कापसाचे दिवस होते. सेलूच्या बाजारात कापूस टाकून बोरीकडं निघालेली बसवराजअप्पांची जीप देवगाव फाट्याच्या अलीकडं फुसफुसायला लागली आणि फाट्यावर येऊन उभीच राहिली. बोनटमधून वाफ निघत होती. जीप मिलिटरीच्या लिलावातली. चारी चाकांना जोर देणारी. काळ्या रानात जिथं बैल मान फिरवायचे तिथं ही जायची. तिनं कुठली लढाई बघितली होती हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं बसवराजअप्पा गिऱ्हाईक बघून लढाई बदलायचे. त्या वर्षांत नामांतराचा मोर्चा, नाहीतर बंद, नाहीतर रास्ता रोको, असं काहीतरी असायचंच. एस.टी. कधी यायची, कधी यायची नाही. म्हणून बोरी-सेलू रस्त्यावर जीपला माणसं कमी पडत नव्हती. अप्पांचं किराणा दुकानही होतं, पण घर चालायचं जीपवर.

अप्पा घागर घेऊन विहिरीकडं गेले. लिंबाच्या झाडाखाली ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. चन्नबसम्मानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बोलायला पायांशिवाय कुणी नव्हतं.

“आवो… मेकॅनिक कुठं हाय?”

“हितंच हाय,” पाय म्हणाले.

“बाकीचा कवा येणार?”

“बोल्ट निघाला की.”

“आमची गाडी तापलीय.”

“वास आलाय मला. झाकण काढू नका.”

“मी कुठं काढायले?”

“तुमी न्हाई. अप्पा काढतील.”

“तुमाला काय मालूम, माझ्यासंगं अप्पा हायेत म्हणून?”

“गाडी तापली की सगळ्यांचे अप्पा झाकण काढतात,” पाय म्हणाले आणि मग हळूहळू बाकीचा माणूस बाहेर आला. उंच, सडपातळ, एका गालावर तेलाचा पट्टा. गळ्यातलं लिंग इंजिनात अडकू नये म्हणून त्यानं दोरा फिरवून पाठीवर टाकलं होतं. चन्नबसम्माच्या गळ्यातही लिंग होतं, पण देव पाठीवर घेऊन काम करणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला. तिला ते आवडलं की नाही हे तिनं त्या वेळी ठरवलं नाही. घरी जाऊन ठरवू म्हणाली.

तेवढ्यात अप्पा विहिरीवरून आले आणि त्यांनी झाकणाला हात घातला.

“अप्पा,” नागनाथ म्हणाला.

अप्पांनी हात काढला. नागनाथनं झाकणावर ओलं पोतं टाकलं आणि तो बाजूला उभा राहिला.

“आता?” चन्नबसम्मानं विचारलं.

“आता थांबायचं.”

“कवर?”

“निवेपर्यंत.”

“आन् तवर?”

“तवर… बोलायचं.”

आणि एवढं सांगून तो गाडी निवेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

खोट साधी होती. रेडिएटरला खालून येणारा रबरी पाईप टोकाला चिरला होता. नागनाथनं चिरलेलं टोक कापून टाकलं, पाईप पुढं सरकवला, क्लिप आवळली आणि हात पुसले.

“झालं.”

“एवढ्यात?” बसवराजअप्पा नाराज झाले. “याच्या आधीच्या मेकॅनिकनं आख्खं इंजिन खाली उतरवलं होतं.”

“मग काय सापडलं?”

“काय न्हाई. पर उतरवलं होतं.”

“उतरवायची गरज न्हाई, अप्पा. रोज सकाळी पाणी बघा. कमी झालं तर बोलवा.”

हे तो अप्पांना म्हणाला. म्हणताना बघत कुणाकडं होता यावर पुढं बराच वाद झाला.

बोरीच्या त्या घरात सकाळच्या कामांची वाटणी ठरलेली होती. म्हशीचं पाणी आईकडं, म्हणजे नर्मदाबाईंकडं. जीपचं पाणी चन्नबसम्माकडं. ती उठायची, अंगणातल्या जीपचं बोनट उघडायची, झाकण काढून आत बघायची आणि तांब्यानं कमी-जास्त भरायची. दुसऱ्या दिवशी तिनं बघितलं. पाणी गळ्यापर्यंत होतं. तिसऱ्या दिवशी बघितलं. तेवढंच. पुढं रोज तेवढंच. जीप सेलूला जात होती, येत होती, चिखल काय आणि चढ काय, थेंबभर पाणी सांडत नव्हती. गाडी इतकी नीट असू शकते हे चन्नबसम्माला माहीतच नव्हतं. तिला गाडीचा राग यायला लागला.

‘कमी झालं तर बोलवा.’ वाक्याचे दोन भाग होते. दुसरा भाग तिला हवा होता आणि तो पहिल्यावर अवलंबून होता.

रेडिएटरच्या बुडाला पितळेची एक लहान तोटी असते. पाणी बदलायचं असलं की तेवढ्यापुरती सोडतात. एके दिवशी उजाडताना चन्नबसम्मा जीपसमोर उकिडवी बसली, खालून हात घातला, तोटी अर्धा फेरा सोडली, धार मातीत जिरू दिली, आणि परत आवळली. मग उठून हात पुसले आणि ओसरीवर गेली.

“अप्पा, पाणी कमी झालंय.”

“कितीक?”

“बोलवण्याइतकं.”

नागनाथ सायकलवर आला. हँडलला हत्यारांची पिशवी, शर्ट धुतलेला. मेकॅनिक धुतलेला शर्ट घालून गळती बघायला येतो याचा अर्थ काय, हे फक्त नर्मदाबाईंना कळलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. त्यानं सगळे पाईप दाबून बघितले, वाकवून बघितले, जोडांवरून बोट फिरवलं. कोरडे.

“पाईपातून न्हाई.”

“मग?” चन्नबसम्मा.

“बघावं लागंल.”

“बघा की. आमी कुठं नको म्हणायलो.”

पुढच्या खेपेला त्यानं पाण्याचा पंप बघितला. पंखा हातानं हलवून त्याची दांडी ढिली झालीय का ते पारखलं, पंपाखाली कागद धरून ठेवला. कागदही कोरडा. त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं तेलाची पट्टी बाहेर ओढली.

“आतल्या आत पाणी तेलात उतरत असंल तर तेल चहासारखं दिसतं,” तो म्हणाला.

“बघू.”

तिनं वाकून बघितलं. तेल काळंभोर होतं.

“हा बिनदुधाचा हाय,” नागनाथ म्हणाला.

ती घरात गेली आणि कपबशी घेऊन आली. “हा दुधाचा. फरक कळावा म्हणून.”

त्यानं चहा घेतला. फरक कळायला त्याला वेळ लागला, म्हणून आणखी अर्धा कप लागला.

मग बुडबुडे बघायची पाळी आली. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. तो फाटला की धडातला धूर पाण्यात शिरतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात. ते दिसले तर मोठं काम. नागनाथनं जीप चालू केली, झाकण उघडं ठेवलं आणि वाकला. चन्नबसम्मा दुसऱ्या बाजूनं वाकली. आतलं पाणी हळूहळू थरथरत होतं आणि त्या थरथरत्या वाटोळ्यात दोघांची तोंडं जेमतेम मावत होती.

“आला का?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“नीट बघा.”

“बघायले की.”

“…आला का?”

“तुमी पाण्याकडं बघा ना.”

“पाण्याकडंच बघायलो.”

तो पाण्याकडंच बघत होता, हे खरं होतं. पाण्यात ती होती.

बुडबुडा आला नाही. इंजिन खणखणीत होतं. जीप उभी असताना गळत नव्हती, चालताना गळत नव्हती, तापल्यावर नव्हती, निवल्यावरही नव्हती. पाणी जात होतं ते फक्त पहाटे, आणि तेही बसवराजअप्पांच्या अंगणात. असा रोग कुठल्याच मेकॅनिकनं ऐकला नव्हता.

गावानं मात्र ऐकला होता. शेजारच्या कडूबाईंचा ओटा थेट अप्पांच्या अंगणाकडं तोंड करून होता. बोरीत रेडिओ बऱ्याच घरी होते, पण बातम्या कडूबाईंकडून ऐकायची लोकांना सवय होती. कडूबाईंचं म्हणणं, जीपनं लढाईत ज्याला चिरडलं असेल तो तहानेला माणूस रोज पाणी प्यायला येतो. अप्पांनी लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी पाणी कमीच होतं. कडूबाई म्हणाल्या, बरोबर हाय, मिरचीनं तहान वाढली.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. पण चन्नबसम्माच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. आटणाऱ्या जीपमध्ये माणसं बसायला मागेनात. रस्त्यात उभी राहिली तर, म्हणून दुसरी वाट धरायला लागली. तिकडं फाट्यावर ट्रॅक्टरवाले हसायला लागले की बोरीच्या एका जीपची गळती नागनाथला सापडेना, याच्याकडं ट्रॅक्टर कोण नेणार.

एका शुक्रवारी नागनाथ बोनटमध्ये वाकलेला असताना अप्पा ओसरीवरूनच म्हणाले, “उद्या सेलूहून व्यंकटराव येणार हायेत. गाडी बघायला. सौदा जमला तर उद्याच घेऊन जातील.”

नर्मदाबाईंचं पीठ चाळणं थांबलं. “आन् घर कशावर चालंल?”

“दुकानावर.”

सगळ्यांनी दुकानाकडं बघितलं. दुकानात गुळाची एक ढेप होती आणि तिच्यावर मांजर बसलं होतं.

चन्नबसम्माला हिशेब कळला. जीप गेली की गळती गेली. गळती गेली की तो गेला. आणि अप्पांच्या हातातलं स्टिअरिंग जाणार होतं ते कशामुळं, हे तिच्याशिवाय कुणाला… तिनं नागनाथकडं बघितलं. नागनाथनं आधीच आवळलेला एक बोल्ट परत आवळला. मग तोच परत.

“सेलूपर्यंत तरी पाणी टिकाया पाहिजे,” अप्पा म्हणाले. “हळद टाकू का?”

रेडिएटरला बारीक भोक असेल तर आत हळद टाकतात. ती फुगते, भोकात बसते, आणि पाणी थांबतं. हे फाट्यावरच्या मेकॅनिकला माहीत असतं आणि शाळेतल्या पोरालाही. नागनाथनं आतापर्यंत हळदीला नाही म्हटलं होतं, कारण भोक असेल तर हळद, असं त्याचं म्हणणं होतं. आज तो लगेच हो म्हणाला.

“टाका. दोन मुठी टाका.”

“दोन?”

“तीन टाका, अप्पा. हात राखू नका.”

शनिवारी उजाडताना चन्नबसम्मा जीपसमोर उभी राहिली. आज पाणी राहू दिलं तर गाडी चांगली दिसणार आणि विकली जाणार. सोडलं तर व्यंकटराव कदाचित परत जाणार. तिनं खालून हात घातला. धार पिवळीजर्द आली, बोटांवरून मनगटावर, मनगटावरून खाली. अर्धं पाणी गेल्यावर तिनं तोटी आवळली. मग राखेनं हात घासले, मातीवर पाणी मारलं आणि बोटं निरखून बघितली. स्वच्छ.

नागनाथ त्या दिवशी लवकर आला. आल्याआल्या त्यानं घरातल्या सगळ्यांचे हात बघितले. नर्मदाबाईंची बोटं पिवळी होती, त्यांनी आत्ताच वरण फोडणीला टाकलं होतं. अप्पांची पिवळी होती, हळद त्यांनीच टाकली होती. कुंपणापलीकडच्या कडूबाईंचीही पिवळी होती, आणि त्यांचा तर जीपशी काही संबंध नव्हता. मराठवाड्यात हळदीवरून माणूस धरायचा म्हणजे आख्खा तालुका धरावा लागतो. बोटं स्वच्छ होती ती फक्त चन्नबसम्माची.

ती रेडिएटरमध्ये घागर ओतत होती. घागर वर उचलली तसा तिचा हात वर गेला. नागनाथ जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “स्वयंपाकाची हळद बोटाला लागते.”

“मग?”

“कोपराला लागत न्हाई.”

चन्नबसम्मानं हात वळवून बघायचा प्रयत्न केला. माणसाला स्वतःचं कोपर दिसत नाही. तिला ते त्या दिवशी कळलं.

“कोपराला हळद लागते ती एक तर नवरीच्या,” नागनाथ म्हणाला, “न्हाईतर रेडिएटरखाली हात घालणाऱ्याच्या.”

घागर रिकामी झाली होती तरी ती तशीच धरून उभी राहिली.

“…कवापासून मालूम हाय?”

“दुसऱ्या खेपेपासून. तोटीखालची माती तेवढीच ओली असायची.”

“मग सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं असतं तर गळती बंद झाली असती.”

“फाट्यावर हसायलेत तुमाला.”

“हसू द्या. मला बोरीला यायला आवडतंय.”

“आन् ही हळद कशाला मग? मालूमच होतं तर.”

“मी नुसता ओल्या मातीवरून बोललो असतो, तर तुमी न्हाई म्हणाला असता.” तो जरा थांबला. “आता म्हणा.”

ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. तिनं घागर खाली ठेवली आणि पदर कोपरावर ओढून घेतला.

“मी अप्पाला सांगते. तोटी मी सोडत होते म्हणून.”

“मग ते विचारतील, का सोडत होतीस.”

एवढ्या साध्या प्रश्नाचा दोघांनीही विचार केला नव्हता. गाडीत खोट नाही हे सिद्ध करायला दुसरी एक गोष्ट उघडी पडत होती, आणि ती बोनटखाली नव्हती. तोवर दारात व्यंकटराव उतरले.

व्यंकटराव सरकीचे व्यापारी. वस्तूत खोट निघाल्याशिवाय त्यांना ती घ्यावीशी वाटत नसे. त्यांनी जीपभोवती दोन चकरा मारल्या. “कुठून गळतीय दाखवा.”

नागनाथनं रेडिएटरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधला, त्यात सायकलचा पंप जोडला आणि हवा भरली. आत दाब चढला की जिथं भोक असेल तिथून पाणी बाहेर येतं. सगळे खाली वाकून बघायला लागले. कडूबाई कुंपण ओलांडून आत आल्या, लांबून नीट दिसत नाही म्हणून.

थेंब आला नाही.

“गळत न्हाई,” नागनाथ म्हणाला.

व्यंकटरावांचा चेहरा पडला. “न गळणारी गाडी कुणी इकतं का? काहीतरी मोठं दडवायलेत तुमी. आणा इकडं.” त्यांनी पंप स्वतः हातात घेतला आणि सरकीचं पोतं दाबावं तसा दाबायला लागले. नागनाथ रेडिएटरवर वाकून “बस… बस, मालक” म्हणत होता तेवढ्यात ट्यूब निसटली.

पाणी गार होतं हे बरं झालं. नागनाथ डोक्यापासून पोटापर्यंत पिवळा झाला. भुवया पिवळ्या, मिशा पिवळ्या, धुतलेला शर्ट पिवळा. तो तसाच उभा राहिला, कारण अशा वेळी काय करायचं असतं हे कुणी शिकवलेलं नसतं.

“मग पाणी जातं कुठं?” व्यंकटरावांनी विचारलं.

अप्पांनीही नागनाथकडं बघितलं. नागनाथनं डोळ्यांवरची हळद पुसली.

“माझी चूक हाय, अप्पा. खालची तोटी मीच ढिली ठेवत होतो. ध्यानात राहिलं न्हाई.”

“एवढ्या खेपा आन् ध्यानात राहिलं न्हाई? मेकॅनिक हायस का कोण हायस?”

“कच्चा हाय म्हणा.”

हे वाक्य संध्याकाळपर्यंत कडूबाईंच्या तोंडून फाट्यावर पोचणार आणि लिंबाच्या झाडाखाली परत ट्रॅक्टर उभा राहणार नाही, हे अंगणात सगळ्यांना कळत होतं. त्यालाही.

चन्नबसम्मा घरातून पंचा घेऊन आली होती. तिनं तो पुढं केला. पदर कोपरावरून सरकला होता आणि तिनं तो ओढला नाही.

“त्यांची चूक न्हाई,” ती म्हणाली. “तोटी मी सोडत होते. रोज पहाटं.”

अप्पांना काही कळेना. “का?”

म्हशीनं शेपूट हलवलं.

“ते म्हणले होते… कमी झालं तर बोलवा.”

अप्पांनी जीपकडं बघितलं. मग पोरीकडं. मग त्या पिवळ्या माणसाकडं. एका वेळी एकाचाच विचार करायची त्यांची पद्धत होती आणि आज तीन आले होते. त्यांना काही सुचेपर्यंत कडूबाई पुढं झाल्या. त्यांनी नागनाथला वरपासून खालपर्यंत बघितलं, चन्नबसम्माचा हात धरून कोपर उलटं केलं, आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, “नवरदेवाला लागली, उरलेली नवरीला लागली. उष्टी हळद झाली की हो, बसवअप्पा. आता राहिलं काय?”

खरं म्हणजे चन्नबसम्माला आधी लागली होती आणि उरलेली नागनाथच्या अंगावर उडाली होती. म्हणजे रीतीच्या उलट, उष्टी हळद नवरदेवाला लागली. पण हे पहाटेचं होतं, आणि कडूबाईंनी बघितलेलं नव्हतं. बोरीत त्याला पुरावा धरत नाहीत.

“आन् गाडी?” व्यंकटरावांनी विचारलं.

“जिच्या अंगची हळद लागली ती वस्तू अक्षता पडेपर्यंत घराबाहेर जात न्हाई,” कडूबाई म्हणाल्या. असा नियम कुणीच ऐकला नव्हता. पण जीपनं हळद लावल्याचंही आधी कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळं कुणाला हरकत घेता येईना. व्यंकटराव देवभोळे होते. हळदीची गाडी नको बा, म्हणाले. चहा घेतला, आणि जाताना पत्रिका पाठवा म्हणून सांगून गेले.

अप्पा नागनाथकडं वळले. “लिंग हाय का गळ्यात?”

नागनाथनं पाठीवरचा दोरा पुढं ओढला. तेही पिवळं झालं होतं.

“फाट्यावर घर हाय का नुसतंच झाड?”

“झाड हाय. घर सेलूला. आईसंगं राहतो.”

“आईला काय सांगशील, गळती कशाची होती?”

नागनाथनं विचार केला. “सापडली म्हणून सांगंन.”

अप्पांनी बोनटवर हात ठेवला. “चन्ने,” ते म्हणाले, “पाणी सोडायच्या आधी मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर सोडू दिलं असतं का?”

“न्हाई,” अप्पा म्हणाले. “म्हणून विचारायचं होतंस.”

मग लग्न झालं नाही, हे वर सांगितलंच आहे. त्यामुळं चन्नबसम्मा सेलूला नांदायला गेली हेही सांगता येत नाही, आणि फाट्यावर नागनाथनं पत्र्याची शेड टाकली हेही नाही. बोरीत जीप मात्र नीट चालत होती. माणसं परत बसायला लागली होती. सकाळी झाकण काढून बघायचं काम आता अप्पा स्वतः करत. पाणी रोज गळ्यापर्यंत. थेंब इकडं नाही, तिकडं नाही. अप्पा बघत आणि झाकण लावत. नर्मदाबाई म्हशीला पाणी दाखवताना त्यांच्याकडं बघत.

काही दिवसांनी जीपमधल्या एका बाईबरोबर सेलूला निरोप आला: पाणी कमी झालंय. बोलवा म्हणला होतास.

दोघं आले. नागनाथनं बोनट उघडलं, पाईप दाबले, पंखा हलवला, पट्टी ओढून तेल बघितलं. चन्नबसम्मा बाजूला उभी होती. अप्पा खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि जीपकडं अजिबात बघत नव्हते.

“मी हळद पण टाकून बघितली,” अप्पा म्हणाले. “पाणी थांबतच न्हाई.”

“किती दिवस झाले?” चन्नबसम्मानं विचारलं.

“तू गेल्यापासनं… म्हणजे, हे आपलं, बरेच.”

सुपारी द्यायला त्यांनी हात पुढं केला. बाही दुमडलेली होती. बोटं राखेनं घासून स्वच्छ केली होती. कोपर पिवळंधमक होतं.

चन्नबसम्मानं नागनाथकडं बघितलं. नागनाथनं कोपराकडं बघितलं, मग तोटीखालच्या ओल्या मातीकडं, मग आधीच आवळलेल्या एका बोल्टला पाना लावला.

“अवघड दिसायलंय, अप्पा,” तो म्हणाला. “लगेच न्हाई सापडायचं.”

अप्पांनी खाटेवर सरकून लेकीला जागा केली. “इंजिन उतरवावं लागंल का?”

“लागंल असं वाटायलंय.”

“उतरव,” अप्पा समाधानानं म्हणाले. “राहा चार दिवस.”

तरी वरील सर्व हकीकत ध्यानात घेऊन मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब यांना नम्र विनंती करण्यात येते की, मौजे बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथील सदर जीपची गळती हा दोष न धरता वाहनाचा मूळ भाग म्हणून तिची नोंद घ्यावी. वाहनाच्या वार्षिक तपासणीत गळती आढळून न आल्यास वाहन नापास करावे. आणि ती गळती कायमची बंद करण्यास सर्व मेकॅनिकांना, व त्यातही विशेषेकरून जावयास, सक्त मनाई करण्याचे आदेश व्हावेत.